अस्वलाच्या पाठीवरची चेन

सन १९८७ च्या मार्च महिन्यात आरमोरीजवळच्या एका गावात, गिरजाबाई नावाच्या विधवेच्या मोहाच्या झाडाखाली एक अस्वल येऊन बसलं. यात विशेष काही नाही. आमच्या गडचिरोली जिल्ह्यात मोह फुलला की अस्वल येतं, जसा मार्चअखेर आली की ऑडिटर येतो. फुलं रात्रभर टपटप पडतात, पहाटे बाया टोपल्या घेऊन वेचायला जातात, आणि बायांच्या आधी अस्वल पोचलं तर त्या दिवसाची फुलं अस्वलाची. गावात कोणतं झाड कोणत्या घराचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. हा नियम अस्वलाला कोणी कळवलेला नव्हता.

गिरजाबाईचं ते एकच झाड, आणि बहर जेमतेम तीन आठवड्यांचा. वाळवलेल्या फुलांवर तिचं पावसाळ्याचं तेल-मीठ निघायचं. म्हणून ती रेंज ऑफिसात गेली. एरवी रेंजर बापूराव चार माणसं, एक डफडं आणि तेलाचा रिकामा पिपा पाठवून द्यायचे, आणि अस्वल बिचारं उठून जायचं. गावकऱ्यांनी आपलं आपण वाजवायची सोय नव्हती. राखीव जंगलात विनापरवाना डफडं वाजवल्याबद्दल आदल्याच वर्षी एका वरातीवर, नवरदेवासकट, केस झाली होती.

"साहेब, माह्या मोहाखाली अस्वल बसून राह्यते," गिरजाबाई म्हणाली. "डफडंवाले पाठवा जी."

बापूरावांनी पेन खाली ठेवलं. "बाई, अस्वल म्हणजे तुम्हाला नेमकं काय म्हणायचंय?"

"अस्वल."

"ते झालं. पण त्याच्यामागे काय आहे?"

गिरजाबाईनं जरा विचार केला. "त्याच्यामागं नाला हाये."

बापूराव असं का बोलले, हे जबाबदारीनं सांगू शकेल असा माणूस मीच. मी पंचायत समितीतला वरिष्ठ लिपिक, आणि आरमोरी चित्रपट रसास्वाद मंडळाचा संस्थापक चिटणीस. मंडळ काढलं प्राध्यापक श्रीहरी यांनी. ते सुट्टीत पुण्याला कसल्याशा शिबिराला गेले आणि दाढी घेऊन परत आले. सिनेमात जे दिसतं ते नसतं, आणि जे दिसत नाही तेच दिग्दर्शकाला सांगायचं असतं, असं त्यांना तिथं कळलं होतं. आम्हा सरकारी लोकांना हे ताबडतोब पटलं. शासनाची परिपत्रकं आम्ही वर्षानुवर्षं याच पद्धतीनं वाचत होतो.

पहिला कार्यक्रम गुलाबच्या व्हिडिओ सेंटरात झाला. बाजाराजवळ पत्र्याची खोली, आत एक रंगीत टीव्ही. मंडळाकडे खुर्च्या नसल्यामुळे प्रत्येक सभासदानं घरची खुर्ची आणायची, असा ठराव मी स्वतः मांडला होता. इंग्रजी पिक्चर लागला की गुलाब टीव्हीशेजारी छडी घेऊन उभा राहायचा आणि आपल्या बोलीत सांगत जायचा, "आता हा पोलीस झाडामागं जाईन अन् मरन. पाहा." लोक पिक्चरपेक्षा गुलाबलाच ऐकायला यायचे. श्रीहरींनी ते पहिल्याच दिवशी बंद केलं.

"गुलाबभाऊ, तुम्ही कथा सांगून राहिलात," ते म्हणाले. "कथा आम्हाला नको."

गुलाब छडी ठेवून बाहेर जाऊन बसला. त्या वेगाचं इंग्रजी आमच्यापैकी कोणालाच कळत नसल्यानं अर्थाला भरपूर मोकळी जागा मिळाली.

पिक्चर हॉलिवूडचा, साऱ्या जगात तुफान चाललेला. निदान कॅसेटच्या खोक्यावर तसं छापलं होतं. त्यात राइस मिलएवढं एक अस्वल डोंगरावरून उतरतं, सहलीची एक बस खातं, काही पोलीस खातं, आणि शेवटी हिरो त्याला पेट्रोल पंपासकट उडवून देतो. नायिका लाल जाकीट घालून जिना चढायला लागते आणि वर पोचते तेव्हा जाकीट पिवळं असतं. आणि मध्येच एकदा अस्वल वळतं, तेव्हा त्याच्या पाठीवर चेन दिसते. पँटला असते तशी, मानेपासून कमरेपर्यंत.

मागं बसलेली पोरं हसली. श्रीहरींनी कॅसेट थांबवली, मागं नेली, आणि पडद्यावर ती चेन तशीच धरून लाइट जाईपर्यंत बोलले. लाइट गेल्यावरही थोडं बोलले. "प्रत्येकाच्या पाठीवर एक चेन असते," ते म्हणाले. "आणि आपला हात तिथवर पोचत नाही." आरमोरीत इतकं सुंदर वाक्य आजवर कोणी बोललं नव्हतं. मी ते अंधारातच इतिवृत्तात उतरवून घेतलं.

मग ज्याला त्याला आपापलं अस्वल सापडत गेलं. बापूरावांच्या मते अस्वल म्हणजे वनखातं, बस म्हणजे जनता आणि पेट्रोल पंप म्हणजे मंत्रालय. मुख्याध्यापिका इंदुताईंच्या मते अस्वल म्हणजे शाळा तपासणी. मला ते सेवाज्येष्ठता यादीसारखं वाटलं. गुलाबनं अक्कल चालवली आणि बाहेर पाटी लावली की अर्थासकट पिक्चर पाहायचा असेल तर तिकीट दुप्पट पडेल. अर्थाचा खेळ हाऊसफुल्ल जाऊ लागला.

परिणाम कामकाजावर होणारच. तालुक्यात सरळ बोललेलं कोणी सरळ घेईना. हातपंप बंद आहे अशी तक्रार माझ्या टेबलावर आली, तर मी शेरा मारला, "बंद म्हणजे काय, याचा खुलासा व्हावा." चपराशी चहा संपला म्हणाला, त्यावर तहसीलदारसाहेब दोन दिवस अस्वस्थ होते. अशा सुसंस्कृत वातावरणात गिरजाबाई नुसतंच अस्वल घेऊन आली होती. बापूरावांनी प्रकरण अभिप्रायासाठी मंडळाकडे पाठवलं.

गुरुवारी ती बैठकीला आली. खुर्ची आणली नसल्यामुळे उभी राहिली. हातात घरचा पिपा होता, कोणी लगेच निघालंच तर असावा म्हणून.

"गिरजाबाई," श्रीहरींनी विचारलं, "हे अस्वल तुम्हाला पहिल्यांदा कधी जाणवलं?"

"जानवलं नाई जी. दिसलं."

"ते तुमच्याकडे पाहतं?"

"फुलं खाऊन राह्यते ते. माह्याकडे काऊन पाहीन?"

श्रीहरींनी डोळे मिटले. "ऐकलंत? अस्वलाच्या लेखी ही बाई अस्तित्वातच नाही." इंदुताईंनी पदर डोळ्यांना लावला.

"सर, रोजची फुलं चालली माही," गिरजाबाई म्हणाली. "तुमचं बोलनं चांगलंच असन, मले समजत नाई. पन चार मानसं द्या. पिपा माह्याच घरचा घ्या."

"आणि हाकललं, अन् ते प्रतीक निघालं तर?" बापूराव म्हणाले. "प्रतीक हाकलायचा अधिकार माझ्या खात्याला नाही, बाई. वरून विचारणा झाली तर मी काय सांगू?"

मुद्दा बिनतोड होता. शेवटी असं ठरलं की मंडळानं स्थळपाहणी करावी आणि अस्वलाच्या पाठीवर चेन आहे किंवा कसे, याची खात्री करावी. चेन असल्यास प्रकरण सांस्कृतिक खात्याकडे, नसल्यास वनखात्याकडे. जीपच्या डिझेलची मंजुरी यायला आठवड्याच्या वर गेलं. फुलं पडायची थांबली नव्हती, अस्वलही नागा करत नव्हतं.

आम्ही पोचलो तेव्हा ते आमच्याकडे पाठ करून, मन लावून खात होतं. गिरजाबाई पिपा घेऊन बाजूला उभी होती. आम्ही बराच वेळ त्या पाठीकडे पाहिलं.

"केसांत झाकली असणार," श्रीहरी म्हणाले. "जवळून पाहायला हवं." आणि ते निघाले.

"सर, मांगं या जी," गिरजाबाई हळूच म्हणाली. "चिडन ते."

"बाई, कथा सांगू नका."

अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं. पुढचं मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, कारण जीपपर्यंत सर्वात आधी मी पोचलो होतो. पिपा बडवल्याचा आवाज मात्र मी ऐकला. गिरजाबाईनं एकटीनं तो बडवून बडवून अस्वलाला नाल्यात उतरवलं. मग श्रीहरी आले. एका पायात चप्पल नव्हती आणि कुर्ता पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत फाटला होता. अंगाला म्हणाल तर दोन ओरखडे. जीप सुरू झाली. मग तेच म्हणाले, "पाहिलंत? चेन माझ्या पाठीवर होती."

आम्ही चालत्या जीपमध्ये टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर बापूरावांच्या लक्षात आलं की राखीव जंगलात विनापरवाना पिपा वाजवला गेला आहे, तोही खुद्द रेंजरच्या समक्ष. माणूस मनानं चांगला, पण नाइलाज झाला. जीप वळवून पिपा मुद्देमाल म्हणून जप्त करण्यात आला. मंडळाच्या अहवालात मी लिहिलं की चेनविषयी खात्री होण्याआधीच अर्जदारानं अस्वल घालवून दिल्यामुळे पुरावा नष्ट झाला, सबब प्रकरण दप्तरी दाखल करावं. दुसऱ्या दिवशी पहाटे अस्वल पुन्हा मोहाखाली आलं. आता गिरजाबाईकडे पिपाही नव्हता.

ती पुढच्या गुरुवारी पुन्हा आली. "मानसं नका देऊ," म्हणाली. "माहा पिपा तरी द्या."

पिपा टेबलावर मधोमध ठेवलेला होता. श्रीहरी त्याच्याभोवती एक फेरी मारून आले. "हा रिकामा आहे," ते म्हणाले, "हे आपण विसरता कामा नये." त्या दिवशी चर्चा फारच रंगली. गिरजाबाई कधी निघून गेली ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

वाचकहो, इथवर आलात, आनंद वाटला. यातलं अस्वल म्हणजे कोण, हे तुम्ही मनातल्या मनात केव्हाच ठरवून टाकलं असेल. कोणी सरकार म्हणालं असेल, कोणी आपल्या साहेबाचं नाव घातलं असेल, आणि पिप्यावर तर मला वाटतं बऱ्याच जणांनी विचार केला असेल. एव्हाना बहर संपून मोहाला पालवीही आली. गिरजाबाईच्या टोपलीत त्या साली काय पडलं, आणि पावसाळ्यात तिनं तेल-मीठ कुठून आणलं, हे मात्र तुमच्यापैकी एकानंही विचारलं नाही. त्यामुळे मंडळानं तुम्हाला एकमतानं सभासद करून घेतलं आहे. बैठक दर गुरुवारी असते, येताना आपली खुर्ची आणावी.