रेडिएटरमधलं पाणी

"ट्रकमध्ये कूलंट घातलंस ना?" नाडियानं फोनवर विचारलं, तेव्हा वासिल प्रोकोपचुकच्या तोंडात लोणच्यातली अख्खी काकडी होती.

"घातलं," तो म्हणाला. काकडीमुळे ते "घालतो" असंही ऐकू येऊ शकलं असतं, आणि वासिलची सगळी भिस्त त्या शक्यतेवर होती.

लेकीच्या बाळंतपणासाठी रेजायना शहरात गेलेली त्याची बायको नाडिया महिन्याभरानं त्या दिवशी दुपारच्या बसनं कॅनडातल्या त्यांच्या गावी, डनबोरोला परतायची होती. खरी गोष्ट अशी, की सुगीच्या धांदलीत ट्रकचा पाइप फुटला होता. वासिलनं नवा पाइप बसवला आणि रेडिएटरमध्ये थंडीत न गोठणाऱ्या कूलंटऐवजी शेताकडेच्या तळ्यातलं पाणी ओतलं. 'थंडीच्या आधी काढून टाकू,' असं त्यानं ठरवलं होतं. त्या वर्षी हिवाळाही त्याच्यासारखाच आळशी निघाला. पण आदल्या रात्री उत्तरेचा वारा सुटला आणि सकाळी पारा उणे पस्तीसवर जाऊन बसला.

वासिलनं पहाटेपासून घर झाडलं, महिनाभराची भांडी घासली, आणि पाव आणायला म्हणून ट्रक बाहेर काढला. इंजिन पटकन सुरू झालं. होणारच, रात्री झोपण्यापूर्वी इंजिनाच्या हीटरची तार भिंतीतल्या प्लगमध्ये खुपसायला तिथलं शेंबडं पोरही विसरत नाही. पण ती तार इंजिनाला ऊब देते, पुढच्या रेडिएटरला नाही. रेडिएटरमधल्या तळ्याचा रात्रीत दगड झाला होता. भर बाजारात काटा लाल रेघेवर गेला आणि बॉनेटमधून वाफेचा लोट उठला.

वासिल खाली उतरला. रेडिएटरला हात लावला तर गार धोंडा. बॉनेटला हात लावला तर चटका. "पुढे बर्फ आणि मागे चहाची किटली," तो पुटपुटला आणि घाईघाईनं इंजिन बंद केलं.

ट्रक थांबला होता तो नेमका हालवर लिंडसेथच्या दारात. हालवर गावातल्या अंत्यविधींची व्यवस्था बघायचा. उंच, बारीक, काळा सूट, आणि आवाज असा की हवामान सांगितलं तरी ऐकणाऱ्यानं टोपी काढावी.

"पाणी?" त्यानं वाफेकडे बघून विचारलं.

"तळ्यातलं," वासिलनं कबूल केलं.

"उकळतं पाणी वगैरे ओतू नकोस वरून. फुटेल सगळं. आत ढकलू या. माझं गॅरेज तापवलेलं असतं. शववाहिका केव्हाही निघायला तयार लागते ना."

"हालवर, तुझ्या पाया पडतो, पण कुणाला सांगू नकोस. नाडियाला कळलं तर मला कायमचाच तुझ्याकडे मुक्काम करावा लागेल."

"माझ्या धंद्यात तोंड बंद ठेवावंच लागतं," हालवर गंभीरपणे म्हणाला.

दोघांनी ट्रक ढकलत मागच्या गॅरेजमध्ये, चकचकीत काळ्या शववाहिकेशेजारी नेऊन लावला. ऊब धरून राहावी म्हणून हालवरनं बॉनेटवरून जमिनीपर्यंत लोंबेल अशी एक जाड जांभळी मखमल टाकली. ती एरवी कशावर टाकतात, हे वासिलनं विचारलं नाही. आता बर्फ आपोआप वितळेपर्यंत वाट बघणं एवढंच काम होतं. कुठे गळतंय का, हे पाहायला वासिल ट्रकखाली उताणा सरकला. खालची जमीन उबदार होती. वर कुठेतरी पहिला थेंब टपकला. मग दुसरा. पहाटेपासून झाडू मारलेल्या माणसाला तेवढी अंगाई पुरली.

पुढे जे घडलं, ते वासिलला नंतर कळलं.

टपाल कचेरीतली डोरीन पाकीट द्यायला हालवरच्या मागच्या दारी आली. तिनं सवयीप्रमाणे गॅरेजच्या खिडकीतून आत डोकावून पाहिलं. आत शववाहिका होती, जांभळी मखमल होती, आणि मखमलीखालून दोन बूट बाहेर आले होते. टोकं छताकडे. डाव्या बुटाला नाडियानं मारलेलं हिरव्या दोऱ्याचं ठिगळ अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

"हालवर!" डोरीन दाराला धरून म्हणाली. "अरे, तो... वासिल का रे?"

हालवरनं शब्द दिला होता. "डोरीन, मला काही बोलता यायचं नाही."

"अरे देवा! नाडियाला माहीत आहे?"

"नाही. आणि तू तर मुळीच सांगू नकोस."

"पण झालं काय?"

हालवर खोटं बोलत नसे. "गोठलं सगळं. आतून."

"फार त्रास झाला का रे?"

"सुरुवातीला वाफ फार निघाली. आता शांत आहे."

डोरीन रडत रडत टपाल कचेरीत पोचली. नाडियाला सांगायचं नव्हतं, म्हणून तिनं बाकी सगळ्यांना सांगितलं. तेव्हा फोनच्या एका तारेवर सहा-सहा घरं असत. एकीनं हुंदका दिला की पाच जणी पदरचं घालून तो पुढे पोचवत.

वासिलला जाग आली तेव्हा खिडकीबाहेर अंधार पडला होता. खाली पाण्याचं थारोळं होतं. बर्फ वितळला होता, रेडिएटरची एक शिवण उसवली होती, पण इंजिन धडधाकट होतं. त्यानं थारोळ्यातच पडल्या पडल्या छातीवर क्रूस काढला आणि देवाचे आभार मानले. मग त्याची नजर घड्याळाकडे गेली.

"बस!" तो ओरडला. "हालवर! बस येऊन गेली! मला उठवलं का नाहीस?"

"माझ्याकडे झोपलेल्यांना उठवायची पद्धत नाही," हालवर शांतपणे म्हणाला. "चल, सोडतो तुला."

हालवरकडे गाडी एकच होती.

गावाच्या कडेला वासिलचं घर. अंगणात पंधरा-वीस ट्रक आडवेतिडवे उभे होते, खिडक्या उजळल्या होत्या. "नातवंडाच्या आनंदात हिनं जेवणावळ घातली की काय!" वासिल चकित झाला. एवढ्यात कुणीतरी खिडकीतून शववाहिका पाहिली. दार उघडलं. माणसं एकामागून एक पायऱ्यांवर आली आणि टोप्या काढून, माना खाली घालून उभी राहिली.

सगळ्यांत पुढे एल्मर स्टॅफर्ड होता. बर्फावर दगड सरकवायच्या खेळात, कर्लिंगच्या अंतिम सामन्यात, कुणाचा दगड मध्याच्या जवळ होता यावरून वासिलशी भांडलेला, दोन वर्षं अबोला धरलेला. एल्मर पडलेल्या आवाजात म्हणाला, "वासिल, मित्रा, दगड तुझाच जवळ होता रे. मला दिसत होतं."

शववाहिकेचं पुढचं दार उघडलं आणि वासिल खाली उतरला.

"मग तेव्हा का नाही बोललास, गाढवा?" तो म्हणाला.

डोरीन मटकन बर्फात बसली. एल्मरनं टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. "मी... मी शोकात बोललो ते. ते धरायचं नसतं," तो म्हणाला, पण तोवर त्यानं वासिलला दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं, आणि सोडायचं त्याला सुचत नव्हतं.

माणसांमधून वाट काढत नाडिया आली. डोळे सुजलेले, अंगावरचा प्रवासाचा कोटही उतरवलेला नव्हता. तिनं वासिलचे दोन्ही कान पकडले.

"गार आहेस तू," ती म्हणाली.

"उणे पस्तीस आहे, नाडिया."

तिनं एक दणका त्याच्या छातीवर घातला, मग तिथंच डोकं टेकवून रडली. वासिलला काय करावं कळेना. लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण आपण नसलो तर काय होईल हे त्यानं कधी असं समोर पाहिलं नव्हतं.

थोड्या वेळानं तिनं डोकं वर केलं. "तू हालवरकडे कशाला गेला होतास? आणि ट्रक कुठाय?"

वासिलनं हालवरकडे पाहिलं. हालवर आकाशाकडे बघत होता.

"पाणी होतं त्यात," वासिल म्हणाला. "तळ्यातलं. कूलंट घातलं नव्हतं. खोटं बोललो मी."

नाडियानं नाक पुसलं. "पाणीच होतं ना? बाकी काही नाही ना? मग देवाची कृपा. चल, आत चल. डोरीन, ऊठ गं तिथून, गारठशील."

आत टेबल दिसत नव्हतं. कोबीचे गोळे, साईतले पेरोगी म्हणजे उकडलेल्या करंज्या, खारवलेलं मांस, तीन रंगांची जेली. प्रत्येक घरानं हाताला लागेल ते उचलून आणलं होतं. वासिल ताट घेऊन फिरला आणि ज्यानं जे आणलं त्याच्यासमोर उभा राहून ते खाल्लं. कुणी म्हणालं, "आमचं छप्पर उडालं तेव्हा तू आला होतास, ते सांगत होतो आत्ताच." वासिलला ते छप्पर आठवतही नव्हतं. तो "मीठ जरा जास्त आहे" म्हणायचा आणि डोळे पुसायचा.

जेवणं झाली, निरोप झाले, माणसं बाहेर गेली. आणि एकेक करून परत आत आली.

"सुरू होईना," एल्मर म्हणाला.

"माझाही नाही."

मृत्यूची बातमी ऐकून धावत सुटलेल्या गावाला इंजिनाची तार प्लगमध्ये लावायचं भान कुठलं असणार? वासिलच्या भिंतीत प्लग तरी एकच. वीस ट्रक, वीस ठोकळे. चालू होती फक्त शववाहिका, कारण हालवरला इंजिन बंद करायची सवय नव्हती.

"मी दिवसभर तोंड बंद ठेवलंय," हालवर ताट भरता भरता म्हणाला. "आता मला ते उघडून जेवू दे. किल्ली आतच आहे."

मग वासिलनं आपल्या शोकसभेला आलेल्या माणसांना चार-चार, पाच-पाच करून शववाहिकेतून घरी सोडलं. मागे आडवं पडायला जागा ऐसपैस होती; एल्मर तर म्हणाला, "सवय करून घेतलेली बरी." प्रत्येक दारात वासिल उतरून हात हातात घ्यायचा आणि "आलात, बरं वाटलं" म्हणायचा. एरवी हे वाक्य त्याला सणासुदीलाही जमत नसे.

शेवटच्या खेपेला नाडिया शेजारी येऊन बसली. सगळ्यांना सोडून दोघं परतत होते. समोरून एक परगावचा ट्रक आला. शववाहिका पाहताच तो रस्त्याच्या कडेला थांबला. चालक त्या मरणाच्या थंडीत खाली उतरला, टोपी काढून छातीशी धरली आणि मान झुकवून उभा राहिला.

वासिलनं वेग कमी केला, काच खाली केली आणि मनापासून हात हलवला.

"आभारी आहे, बाबा!" तो ओरडला. "पण टोपी घाल, कान जातील! माझी तब्येत बरी आहे!"