गरगऱ्याचा रानटीपणाचा दाखला

मुलांनो, ज्या जंगलाची ही गोष्ट आहे, त्या जंगलाला समुद्र लागून होता. जंगलाला समुद्र कसा काय, असं ज्याला विचारायचं असेल त्याने बाहेर जाऊन पाणी पिऊन यावं. तोवर आम्ही पुढे जातो.

त्या समुद्रकाठी एक खडक होता. त्याला सगळे आजाखडक म्हणत. त्या खडकावर जोमा पाणमांजर बसायचा. त्याचा बाप तिथेच बसायचा, बापाचा बापही तिथेच. सात पिढ्या बसून बसून खडकाला बसण्यापुरता खळगा पडला होता. त्या खळग्यात दुसरं कुणी बसलं तर त्याची पाठ धरायची.

जोमा गळाने मासे धरायचा. एक गळ, एक मासा. दुसरा हवा असला तर पुन्हा गळ. बारकं पिल्लू लागलं तर सोडून द्यायचा. कासव अडकलं तर त्याची माफी मागून सोडवायचा. हे सगळं तो फार थोर विचाराने करत होता, असं समजू नका. बापाने तसं शिकवलं होतं आणि त्याला दुसरं काही येत नव्हतं.

बापाने आणखी एक गोष्ट शिकवली होती. जो मासा खायचा, त्याला नाव द्यायचं नाही. नाव दिलं की तो घरचा होतो, आणि घरच्याला कुणी तळत नाही.

तर एकदा काय झालं, जंगलाचे महाराज वाघोजी शेजारच्या राज्यात पाहुणचाराला गेले. तिथे त्यांच्या ताटात मासा आला. माशाच्या पोटावर एक चिठ्ठी होती. तीवर लिहिलं होतं, 'हा मासा रानटी आहे. याला कुणी पाळलेला नाही. हा एकटा, प्रेमाने पकडला आहे. याच्या मागे समुद्रात पुष्कळ मासे शिल्लक आहेत.'

महाराजांना मासा आवडला. चिठ्ठी तर फारच आवडली. आपल्या राज्यात आपण नुसतेच मासे खातो, याची त्यांना लाज वाटली. परत येताच त्यांनी दवंडी पिटवली. यापुढे बिनचिठ्ठीचा मासा कुणी खायचा नाही. ज्याच्या माशाला रानटीपणाचा दाखला मिळेल, त्यानेच आजाखडकावर बसायचं. बाकीच्यांनी कंदमुळं खायची.

जोमा हसला. "आपला मासा समुद्रातला," तो बायकोला म्हणाला. "रानटी नाही तर काय, अंगणातला?"

त्याची बायको पोशी हसली नाही. "ज्या गोष्टीला आजवर दाखला लागला नाही, तिला दाखला लागायला लागला की ती हातची गेलीच म्हणून समजा," ती म्हणाली.

पोशी असं बोलली की ऐकावं, हे सगळ्या काठाला ठाऊक होतं. एकट्या जोमाला ठाऊक नव्हतं. त्याने एक ताजा कुपा मासा धरला आणि शेपटीला धरून थेट साळिंदररावांकडे नेला.

दाखल्यांचं खातं साळिंदररावांकडे होतं. त्यांच्या अंगावरच इतक्या लेखण्या होत्या की त्यांना नेमण्यावाचून महाराजांना गत्यंतर नव्हतं.

"हा मेलेला आहे," साळिंदरराव म्हणाले.

"मासा आहे, साहेब. पाण्याबाहेर काढला की मरतोच."

"मग साक्ष कोण देणार? जिवंत घेऊन ये."

जोमाने दुसरा कुपा धरला. हा लांबपंखी कुपा होता. त्याच्या दोन्ही बाजूंचे पर इतके लांब, की थोरल्या भावाचा सदरा घातल्यासारखा दिसायचा. डाव्या पराला एक खाच होती. जोमाने त्याला खडकामागच्या वाटोळ्या कुंडात सोडलं आणि पुन्हा साळिंदररावांपुढे जाऊन उभा राहिला.

"नाव?"

"जोमा, साहेब."

"तुझं कुणी विचारलंय? माशाचं."

जोमा जरा पुढे वाकला. मग हळूच म्हणाला, "साहेब, आमच्यात खायच्या माशाला नाव देत नाहीत."

"बिननावाचा अर्ज मी कुठे चिकटवू? बरं, मासा आत्ता काय करतोय?"

"कुंडात गरगर फिरतोय."

साळिंदररावांनी लिहिलं, 'गरगऱ्या'. पण नुसत्या नावावर भागत नव्हतं. बापाचं नाव आणि आडनाव यांच्या जागाही भराव्या लागत. म्हणून त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, 'गरगऱ्या जोमा पाणमांजर'. आणि म्हणाले, "दीड महिन्याने समिती तपासायला येईल. तोवर सांभाळ. वारला तर अर्ज बाद."

आता मुलांनो, कुप्याची जातच अशी की पोहणं थांबलं की तो गुदमरतो. म्हणून तो जन्मभर पोहत असतो. समुद्र मोठा असल्यामुळे तिथे हे कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. कुंडात मात्र गरगऱ्या सकाळपासून गोल, दुपारीही गोल, जेवतानाही गोल. बघणाऱ्याला घेरी यायची.

त्याला जगवायचं म्हणजे खाऊ घालणं आलं. पहिले दिवस जोमा लांबूनच पेडवे, म्हणजे बोटभर मासे, फेकायचा आणि तोंड फिरवायचा. आठवड्याने तो तोंड फिरवायला विसरला. पंधराव्या दिवशी गरगऱ्याने त्याच्या हातातून पेडवा घेतला. मग रोज संध्याकाळी जोमा हाक मारायचा, "गरगऱ्या, चल जेवायला." पोशी त्याला दिवसभराच्या गोष्टी सांगायची. ती एका गोष्टीला लागली की गरगऱ्याच्या सत्तर फेऱ्या व्हायच्या. असं करता करता गरगऱ्या चार शब्द बोलायलाही शिकला.

ठरल्या दिवशी समिती आली. समिती म्हणजे एकटे साळिंदररावच, पण ते सही तीन वेळा करायचे. त्याच दिवशी दुसरा अर्जदारही आला. तो होता झोळीवाला, म्हणजे चोचीखाली भली मोठी झोळी असलेला तो पक्षी. तो झोळी पाण्यात घालायचा आणि येईल ते उचलायचा. लहान, मोठं, कासवाची पिल्लं, एकदा तर खेकड्यांचं आख्खं वऱ्हाड नवरीसकट. त्याला एकेक मोजायची सवय नव्हती.

साळिंदरराव कुंडाशी वाकले. "काय रे, तू रानटी आहेस का?"

गरगऱ्या समोरून जाता जाता म्हणाला, "हो..."

आणि गेला. फेरी मारून आला आणि म्हणाला, "आहे की..."

आणि पुन्हा गेला.

"एका जागी थांबून बोल," साळिंदरराव म्हणाले.

"थांबलो तर मरतो..." गरगऱ्या गेला, फिरून आला, "...साहेब."

साळिंदररावांनी पाठीवरची एक लेखणी उपटली आणि मोठ्याने वाचत लिहिलं, "विचारल्यावर उत्तर देतो. साहेब म्हणतो. शिकवल्यासारखा गोल फिरतो. हातातून खातो काय?"

जोमा नाही म्हणणार होता. पण जेवणाची वेळ झाली होती, आणि त्याचा हात बघून गरगऱ्याने तोंड वर काढलं.

"पाळीव," साळिंदरराव म्हणाले. त्यांनी तीन सह्या करून कागद जोमाच्या हातात दिला.

मग ते झोळीवाल्याकडे वळले. झोळीवाल्याने चोच उघडली. आत दोनेकशे मासे होते. साळिंदररावांनी आत डोकावून विचारलं, "तुमच्यात कुणी पाळीव आहे का?"

कुणीच बोललं नाही. बोलण्याच्या अवस्थेत तिथे कुणी नव्हतंच.

"हरकत नाही," साळिंदरराव म्हणाले. एकेका माशावर शिक्का मारण्यात वेळ जाईल, म्हणून त्यांनी तो झोळीवरच मारला. त्या दिवसापासून त्या झोळीत जाईल तो मासा रानटी, एकेकटा आणि प्रेमाने पकडलेला. आजाखडकही झोळीवाल्याला मिळाला. खळगा त्याला गैरसोयीचा होता, म्हणून त्याने तो बुजवून घेतला.

जोमाने गरगऱ्याला कुंडातून उचलून समुद्रात सोडलं. "जा बाबा," तो म्हणाला, "आणि कुणी काही विचारलं तर उत्तर देऊ नकोस."

गरगऱ्या गेला. पण गोल गोल गेला. आणि गोल जाणारा परत येतोच. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, जेवणाच्या वेळेला, तो आजाखडकाशी आला. खडकावर कुणीतरी बसलं होतं आणि पाण्यात काहीतरी उघडं धरलं होतं. जोमाच असणार, असं त्याला वाटलं. तो आनंदाने आत गेला.

पौर्णिमेला महाराजांनी भोजन दिलं. सगळ्या प्रजेला आमंत्रण होतं. प्रजेने कंदमुळं खात महाराजांना मासा खाताना बघायचं होतं. झाकण उघडलं. माशाचे पर लांब होते. डाव्या पराला खाच होती. पोटावर चिठ्ठी होती, 'हा मासा रानटी आहे.'

जोमाने खाच ओळखली. पोटचा पोर गेल्यासारखं त्याला वाटलं, आणि कागदोपत्री तो पोटचाच होता. तो उठला. पोशीने त्याला बसवलं नाही.

"महाराज," तो म्हणाला, "हा मासा पाळीव आहे. तुमच्याच समितीचा कागद आहे माझ्याकडे. मासा पाळीव असेल तर झोळीवाल्याची चिठ्ठी खोटी. रानटी असेल तर माझा कागद खोटा, आणि दाखला आधी माझा. काहीही धरा, झोळीवाल्याचा हक्क उरत नाही. माझा खडक मला द्या."

महाराजांचं चावणं थांबलं. असं बिनतोड बोलणं त्या जंगलात आजवर कुणी केलं नव्हतं. जिंकलो, असं एक क्षणभर पोशीलासुद्धा वाटलं.

साळिंदरराव सावकाश उठले. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले.

"दोन्ही खरे आहेत," ते म्हणाले. "मासा पाळीवच होता. झोळीत शिरला त्या क्षणी तो रानटी झाला, कारण शिक्का झोळीवर आहे. म्हणजे जोमाने एक चांगला रानटी मासा बिघडवला होता, तो झोळीवाल्याने सुधारला."

महाराजांना गहिवरून आलं. झोळीवाल्याचा शाल आणि नारळ देऊन सत्कार झाला. नारळ त्याने झोळीत टाकला, त्यामुळे नारळही रानटी झाला. जोमाला, रानटी माशाला वळण लावल्याबद्दल, सर्वांसमक्ष समज देण्यात आली.

"पाळलेल्या माशाला ही चव येत नाही हो," महाराज काटे चोखत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जोमा सवयीने कुंडापाशी जाऊन बसला. हातात एक पेडवा होता. कुंडात पाणी होतं, बाकी काही नव्हतं. थोड्या वेळाने पोशी येऊन शेजारी बसली.

"त्याला नाव द्यायला नको होतं," जोमा म्हणाला.

"आपण कुठे दिलं होतं?" पोशी म्हणाली.

तात्पर्य : मासा खुशाल एकेक धरावा, दाखला मात्र झोळीभर घ्यावा. आणि मुलांनो, 'तू रानटी की पाळीव' असं कुणी विचारलं, तर खरं आणि अदबीने उत्तर देण्याची चूक करू नका. जे उत्तर देतात ते पाळीव ठरतात, आणि ताटात मात्र रानटी म्हणूनच वाढले जातात.