बर्माची हिरवी बांगडी

घट्ट झाकण उघडण्यात अख्ख्या गंगाखेडात माझा हात कोणी धरणार नाही! लोणच्याची बरणी असो, गंजलेला डबा असो, नाहीतर आमच्या ह्यांनी रागानं आवळलेला थर्मास असो, महादेवीच्या हाती आला की सुटलाच! एके काळी गल्लीतल्या बायका बरण्या घेऊन माझ्या दारात उभ्या राहायच्या. आता बरण्या प्लॅस्टिकच्या झाल्या, आमचे हे देवाघरी गेले आणि एकुलती एक लेक त्रिवेणी सिंगापूरला. दुपारी मी दार सताड उघडं ठेवून बसते. चुकून पत्ता विचारायला तरी कोणी येईल!

त्रिवेणी ह्या दिवाळीला नक्की येणार होती. मी शेवेचा सोऱ्यासुद्धा घासून ठेवला. आणि लेकीऐवजी आलं काय, तर एक पुडकं! मागोमाग तिचा व्हिडिओ कॉल.

"आई, रजाच मिळेना गं. पण बांगडी बघ की! बर्माचा जेड आहे. अख्ख्या एका दगडातून कोरलेली."

"दगड पाठवलास? गोदावरीत काय दगड कमी हायेत का?"

"अगं, इकडं ह्याला सोन्याहून जास्त मान! आई लेकीला देते. माणसावरचं संकट हा दगड स्वतःवर घेतो आणि स्वतः तडकतो, असं मानतात. आणि पेटीत ठेवू नको बरं. अंगाची ऊब मिळाली की उजळत जातो म्हणे. नुसता पडून राहिला की निस्तेज होतो."

"म्हणजे माझ्यासारखाच की!" मी हसून म्हणाले. ती मात्र हसली नाही. घाईत आहे म्हणाली आणि फोन ठेवला.

बांगडी देखणी होती. पण हिरवीगार! आमच्याकडं नवरा गेलेल्या बाईनं सोन्याच्या पाटल्या घातल्या तर कोणी काही म्हणत नाही, हिरवी बांगडी मात्र सवाष्णीचं लेणं. म्हणून मी बेत आखला. बांगडी घालायची, लेकीला फोटो पाठवायचा आणि लगेच काढून कपाटात ठेवायची. कोणाला पत्ता लागणार होता?

साबण लावला, अंगठा आत दाबला, बांगडी सर्रकन गेली. फोटो झाला. काढायला गेले तर हाडापाशी येऊन बाईसाहेब ठाण मांडून बसल्या! तेल झालं, तूप झालं, शेवटी भांड्याचा साबण झाला. ओढून ओढून हात टम्म सुजला. काचेची असती तर वाढवली असती, ही पडली दगडाची!

आणि सवयीनं दार उघडंच! शेजारच्या चांगुणाबाई नेमक्या तेव्हाच आत आल्या. कित्येक महिन्यांनी आल्या, तेही वाटी घेऊन.

"ताई, जरा विरजण हाय का?" एवढं म्हणाल्या आणि त्यांची नजर माझ्या हातावर थबकली. "अगं बया! हिरवी?"

"अहो, दगडाची हाय ती..."

"दगडाची आसू न्हाईतर लोखंडाची, हिरवी ती हिरवीच! लगीन कवा केलाव? कुणासंगं?"

उत्तराला न थांबता त्या गेल्या. विरजणाची वाटीसुद्धा विसरल्या!

'कुणासंगं'चं उत्तर गल्लीनं स्वतःच शोधून काढलं. समोरचे दिनकरराव! ते विधुर, आणि रोज सकाळी माझ्या ओट्यावर बसून माझाच पेपर फुकट वाचतात. गल्लीला एवढा पुरावा पुरला. संध्याकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून, घाम पुसत दारात उभे.

"बाई, माझी पोरं परभणीहून निघालीत! त्यांना काय सांगू?"

"खरं काय हाय ते सांगा."

"खरं काय हाय, ते मलाबी कळू द्या की!"

त्यांना सगळं समजावून सांगते तोवर बाहेर जीप थांबली. झरीहून माझे दीर चन्नबसप्पा, सोबत जीपभर नातेवाईक. ह्यांच्या पहिल्या पुण्यतिथीनंतर ही माणसं आज माझ्या घरात पाऊल टाकत होती.

"वैनी, काय ऐकायलोय आमी हे? घराण्याची इज्जत हाय का न्हाई?"

"भावजी, लेकीनं पाठवलेली हाय. अडकली. निघंना."

"निघंना? मग फोडा! आना हातोडी!"

माझा हात पाट्यावर ठेवला गेला. भावजींनी हातोडी उगारली. दिनकररावांनी डोळे मिटले. मी म्हटलं, हा दगड माझं संकट घेतो म्हणे, पण ह्याचं संकट कोण घेणार! तेवढ्यात पेठेतले सराफ सिताराम शेठ धापा टाकत आले. त्यांना बांगडी कापता येईल म्हणून कोणीतरी बोलावलं होतं. त्यांनी मोबाइलची बॅटरी बांगडीमागं धरली आणि ओरडले, "थांबा!"

सगळे थांबले.

"बघा, उजेड कसा आत झिरपायलाय. वरून रंग दिल्याला दिसत न्हाई. मी सोन्यातला मानूस, पन हे जर अस्सल बर्माचं आसंल ना, तर सोनं झक मारतंय याच्यापुढं!"

भावजींनी हातोडी हळूच पाठीमागं लपवली.

"तसं बघितलं तर वैनी," ते घसा खाकरून म्हणाले, "हिरवा रंग महादेवालाबी लय आवडतोय. बेलाचं पान हिरवंच आसतंय की!"

"मी जरा हात लावू का?" चांगुणाबाई पुढं सरकल्या. मग एकेक जण येऊन माझा हात हातात घेऊन बघू लागला. बघत होते बांगडी, पण हात माझाच होता ना! कितीतरी दिवसांत कोणी माझा हात धरला नव्हता. मला भरून आलं. लोकांना वाटलं, सुजलेला हात दुखतोय.

इतक्यात फोन वाजला. जीपमधल्या कोणीतरी उगारलेल्या हातोडीचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला होता!

"आई! हातोडी कोण मारतंय? किती सुजलाय हात! माझ्यामुळं झालं गं हे सगळं." त्रिवेणी चक्क रडत होती. "कोणी हात लावू नका. दुकानवालीनं मला काढायची रीत दाखवलीय, फोनवर सांगून नाही जमायचं. मी येतेय. शनिवारी पोचते!"

"आन् रजा?"

"रजा गेली खड्ड्यात!"

मी मोठं पातेलंभर चहा टाकला. घर माणसांच्या आवाजानं नुसतं दणाणलं. सगळे गेल्यावर पुन्हा शांत झालं, पण ह्या वेळी घर खायला उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर सूज उतरलेली. सहज म्हणून हात वर धरला, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवली आणि झाकणाला देते तशी बांगडीला हलकीशी गिरकी दिली. सटकन बाहेर! सांगितलं होतं ना, माझा हात कोणी धरणार नाही! ओट्यावर दिनकरराव पेपर वाचत होते. त्यांना हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

मग गुपचूप साबण लावला आणि बांगडी परत घातली.

शनिवार अजून यायचाय. तोवर मी पापड, लोणचं, खारे दाणे असं मिळेल ते खारट खातेय. हात जरा सुजलेला दिसायला हवा ना! तुम्हाला म्हणून सांगितलं. त्रिवेणीचं विमान उतरेपर्यंत गल्लीत बोलू नका. आणि कोणी विचारलंच तर सांगा, बाईंनी लय जोर लावला, पण निघतच न्हाई!