चार बोटं उजवीकडे

स्टाफरूमच्या टेबलावर माझ्या पाण्याच्या बाटलीसाठी हिरव्या चिकटपट्टीचा चौकोन आहे. तो परबबाईंनी आखला. मी हरकत घेतली नाही, कारण मला कोणी विचारलंच नव्हतं. बाटली चौकोनाबाहेर दिसली की बाई ती उचलून आत ठेवतात आणि माझ्याकडे न बघता म्हणतात, "वस्तूला घर असतं."

परबबाई विद्यापीठाच्या मुलुंड केंद्रात रंगमंच-व्यवस्थापन शिकवतात. मी त्याच मजल्यावर पत्रकारिता शिकवतो. बाईंच्या वर्गात फळा आहे, पण त्यावर ओल्या रंगाचे पडदे वाळत घातलेले असतात. पहिल्या दिवशी मुलांच्या हातात झाडू येतो, मग हातोडी, मग दोरी. नेपथ्य उभं करायचं, खुर्च्या-टेबलं खुणेवर ठेवायची, दिव्यांना आणि पडद्याला इशारे द्यायचे. हे सगळं काळे कपडे घालून, अंधारात आणि मुकाट्याने. नियम एकच: "प्रेक्षकांना दिसलात, की नापास." एका मुलाने विंगेतून आईला हात केला होता. आई खूश झाली. मुलगा पुन्हा झाडूवर गेला.

इशारा देण्याची सवय बाईंनी कधी वर्गापुरती ठेवली नाही. चहा आला की त्या हात वर करतात. "चहा, तयार… चला!" त्यानंतरच कँटीनवाला किटली वाकडी करतो. विभागप्रमुखही कप धरून थांबतात. लिफ्टमध्ये आपला मजला आला की बाई म्हणतात, "दार, तयार… चला!" दार तसंही उघडलं असतं. पण बाहेर पडताना बाईंच्या चेहऱ्यावर श्रेय असतं.

यंदा मुलांच्या वार्षिक प्रयोगात गोराईच्या एका म्हाताऱ्या तांडेलाची, म्हणजे होडीच्या कप्तानाची, भूमिका होती. एखाद्या पोराच्या केसांना पावडर लावून भागवू, असं मुलांचं म्हणणं होतं. बाईंनी थेट आपले यजमान आणले. परबकाका एकेकाळी कामगारांच्या नाट्यस्पर्धा गाजवायचे. पुढे त्यांनी नाटकात काम करणं सोडलं आणि भांडुपच्या घरातून बाहेर पडणंही जवळपास थांबवलं.

"वर्षानुवर्षं मी मागे लागले, तेव्हा कुठे हो म्हणाले," बाईंनी मला सांगितलं. "हा प्रयोग फसला, तर पुन्हा उंबरा ओलांडायचे नाहीत."

मुलांना काका शिष्ट वाटले. हस्तांदोलनाला हात पुढे केला तर ते घेत नसत. स्क्रिप्ट हातात धरत नसत, बाई वाचून दाखवत. बाईंच्या पिशवीचा पट्टा धरून येत आणि तसेच जात. मुलांनी त्यांचं नाव लाटसाहेब ठेवलं.

तांडेलाच्या खुर्चीवरून तर रोज वाद व्हायचा. प्रयोगाची सूत्रं कस्तुरी नावाच्या मुलीकडे होती. तीच तिची परीक्षा.

"खुर्ची सरकलीय," बाई म्हणायच्या.

"चार बोटं उजवीकडे, मॅडम. चार बोटांनी कोणाची वाट लागते?"

"तांडेलाची."

"काय यार मॅडम! बसणारा माणूस बघून बसेल ना!"

यावर एरवी बाई अर्धा तास बोलल्या असत्या. तेव्हा एवढंच म्हणाल्या, "खुर्ची, तयार… चला."

प्रयोगाला सभागृह भरलं होतं; मला बाईंनी विंगेत उभं केलं होतं. पहिला अंक नीट झाला. दुसऱ्याच्या सुरुवातीला अंधार झाला आणि मुलांनी मासळीचं जाळं आत ओढलं. त्यात खुर्चीचा पाय अडकला आणि खुर्ची सरकली. ते मुलांच्या लक्षात आलं नाही. बाईंच्या आलं, कारण खुणेची पट्टी अंधारात चमकणारी असते आणि खुर्चीच्या पायाखाली ती झाकली जायला हवी. ती चमकत राहिली. विंगेत कस्तुरी दिवेवाल्याला म्हणाली, "लाईट, तयार…" आणि तिच्या बाजूने बाई रंगमंचावर धावल्या.

दिवे लागले. रंगमंचाच्या मधोमध काळ्या कपड्यातल्या परबबाई, दोन्ही हातांनी खुर्ची धरून वाकलेल्या. सगळ्या सभागृहाला दिसत होत्या. मग बाईंनी ओढणीने खुर्ची खसाखसा पुसली आणि विंगेकडे बघून ओरडल्या, "या! झाली पुसून."

आतून तांडेलाचा खणखणीत आवाज आला, "खुर्ची पुसतेस की होडी?"

प्रेक्षक हसले. काका आले, सरळ चालत गेले, वळले आणि मागे हात न लावता बसले. बाई मोलकरणीसारख्या ओढणी झटकत आत गेल्या.

पडदा पडल्यावर कस्तुरीने त्यांना विंगेतच गाठलं. "मॅडम, तुम्ही दिसलात."

"हो. कर नापास."

"पण कशाला गेलात? काकांनी बघून घेतलं असतं ना."

"त्यांना दिसत नाही गं," बाई म्हणाल्या. "काचबिंदू. आधी अंधुक दिसायचं. आता तेही नाही. घरात सगळं खुणेवर असतं, म्हणून कळत नाही कोणाला."

कस्तुरी म्हणाली, "मग आम्हाला सांगायचं ना, मॅडम!"

"सांगितलं असतं, तर तुम्ही त्यांना धरून बसवलं असतंत. त्यांना स्वतः बसायचं होतं."

सभागृहाच्या मागच्या दाराशी काकांना भेटायला गर्दी झाली होती. कोणीतरी पुढच्या प्रयोगाबद्दल विचारलं. काका म्हणाले, "येणार. पण ती मोलकरीण काढा, लई पुसते."

गर्दी पांगली. काकांनी पिशवीचा पट्टा धरला. दारापुढे रस्त्यावर उतरायच्या पायऱ्या होत्या.

"पायरी," बाई म्हणाल्या. "तयार…"

पुढचा शब्द आला नाही. बाईंनी ओढणी तोंडावर दाबून धरली होती. काका एक पाय उचलून तसेच उभे राहिले.

"अगं, चला म्हण की," ते म्हणाले. "पाय भरून आला."