मिरगुंडच्या खाजेचा तपास

“रायगड जिल्ह्यात दोन डोळे असे आहेत, की त्यांनी नुसतं पाहिलं तरी लबाड माणसाचा हात आपोआप खिशाकडे जातो आणि तो तिकीट शोधायला लागतो. ते दोन्ही डोळे माझे आहेत.” दत्तात्रेय मोकल, म्हणजे पेणचे भाऊ, स्वतःची ओळख अशी करून देत. पुढे ते असंही सांगत, की त्यांचं नाक डोळ्यांपेक्षा तेज आहे, कान नाकापेक्षा तेज आहेत, आणि बुद्धीबद्दल आपल्याच तोंडाने बोलणं त्यांच्या स्वभावात नाही. मग बुद्धीबद्दल ते अर्धा तास बोलत.

एसटीच्या तिकीट तपासणी पथकात एकतीस वर्षं काढून ते निवृत्त झाले. घरात तपासायला बायकोखेरीज कोणी उरलं नाही, आणि तिने पहिल्याच आठवड्यात तपासून घ्यायला साफ नकार दिला. तेव्हा भाऊंनी दारावर पाटी लावली : ‘द. ना. मोकल, गुप्तहेर. दुपारी एक ते चार बंद.’ पेणमध्ये गुप्तहेर कुठे राहतो असं कुणालाही विचारलं तर तो थेट दारापर्यंत आणून सोडायचा, इतकं त्यांचं काम गुप्त होतं.

त्यांचा सहायक जितेश घरत हा पेण ते वडखळ ईको गाडी चालवणारा चाळिशीचा गृहस्थ. कॉलेजात असताना तो एकदा रोह्याच्या गाडीत विनातिकीट सापडला होता आणि भाऊंनी त्याच्या आईला न सांगता सोडून दिलं होतं. त्याला बावीस वर्षं झाली. भाऊ ते विसरले नव्हते, आणि जितेशने विसरावं अशी त्यांची इच्छाही नव्हती.

अशा या जोडीकडे एका सकाळी काशीबाई आल्या. काखेत त्यांचा कुत्रा मिरगुंड होता.

काशीबाईंच्या पडवीत पोह्याचे पापड आणि मिरगुंडं होत. चैत्र-वैशाखात तीन बायका हाताखाली येत आणि चौघींच्या चुली त्या पडवीवर चालत. कुत्र्याचं अंग पामेरियनचं आणि शेपूट मात्र पेणच्या गल्लीचं. आकाराने एवढासा आणि स्वभावाने कुरकुरीत, म्हणून नाव मिरगुंड. काशीबाईंचे यजमान जाऊन चार वर्षं झाली होती, मुलगी पनवेलला दिलेली. तेव्हापासून त्या बोलत ते मिरगुंडशीच, आणि तो ऐकूनही घेई, हे पेणच्या माणसांत दुर्मीळ होतं.

दोन महिन्यांपासून मिरगुंड खाजवत होता. आधी कान, मग पोट, मग सगळंच. पोटाची कातडी लालभडक, पाठीवर कोंडा, शेपटीपाशी केस विरळ. उठला की खाजवे, बसला की खाजवे, भुंकता भुंकता मध्येच थांबून खाजवे. पापड उचलणाऱ्या दुकानदाराने ते पाहिलं आणि स्पष्ट सांगितलं, की कुत्रा रविवारपर्यंत बरा तरी व्हावा नाहीतर तिथून जावा, पापडाच्या जागेत असलं जनावर चालणार नाही. काशीबाईंचा भाचा हरेश रोह्याला राहत होता. कुत्रा त्याला देऊन टाकायचा, एवढंच उरलं होतं.

“भाऊ, तो गेला तं घरात मी बोलू कोनाशी?” काशीबाई म्हणाल्या. “कायतरी करा.”

जितेशने काशीबाईंना खुर्ची पुढे केली. भाऊंनी मात्र वही उघडली आणि संशयिताचं पूर्ण नाव विचारलं.

तपासाचा पहिला टप्पा म्हणून मिरगुंडला जनावरांच्या डॉक्टरकडे नेण्यात आलं. डॉक्टरांनी कातडी पाहिली, पिसवा-गोचीड नाहीत असं सांगितलं आणि विचारलं, “आंघोळ किती वेळा घालता?” काशीबाई उत्तर द्यायला पुढे सरकल्या, पण साक्षीदाराने वकिलामार्फत बोलावं अशा थाटात भाऊंनी त्यांना हाताने थांबवलं आणि म्हणाले, “नियमानुसार.” बाहेर एक म्हैस अडली होती, डॉक्टर घाईत होते. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. जितेशला त्या वेळी काहीतरी बोलावंसं वाटलं होतं, पण ते बोलण्यासारखं नव्हतं. तो खाली बघत राहिला.

गोळ्यांनी दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी मिरगुंड पुन्हा सुरू झाला.

भाऊंचा पहिला निष्कर्ष मिठागराचा होता. त्यांनी मिरगुंडच्या पाठीला हात लावला आणि तो ओला लागला. “पाऊस नाही, पाणी नाही, आणि कुत्रा ओला,” ते म्हणाले. “याचा अर्थ हा खाडीवर जातो. मिठागरात पोहतो. मीठ अंगावर वाळतं आणि खाज सुटते. जितेश, पाठलाग.” एका अख्ख्या सकाळी दोघे मिरगुंडच्या मागे दबा धरून राहिले. तो ओट्यावरून उठून चिंचेखाली गेला, खाजवून परत ओट्यावर आला. भाऊंनी पावलं मोजली, एकेचाळीस भरली. खाडी बरीच लांब होती. दुपारचा एक वाजला म्हणून पाठलाग थांबवून भाऊ झोपायला गेले.

दुसरा निष्कर्ष गणपतीच्या कारखान्याचा. शेजारच्या गल्लीत मूर्तींना रंग मारायचं काम बारा महिने चालतं. तो रंग कुत्र्याच्या अंगावर उडत असणार. भाऊ गिऱ्हाईक बनून आत शिरले, पुरावा म्हणून गुलाबी रंगाचा वास घेतला आणि नाकाला रंग लावून बाहेर आले. कारखानदाराने त्यांच्याकडून दोन फुटी मूर्तीची ऑर्डर घेतली. मिरगुंड त्या गल्लीत कधी जातच नव्हता, रंगाच्या मशीनचा आवाज आला की तो काशीबाईंच्या पदराखाली शिरे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

तिसऱ्या निष्कर्षाने मात्र भाऊंना स्वतःलाच झोपवलं. शत्रूने मिरगुंडच्या गोधडीत खाजकुयली टाकली असावी, असा त्यांचा तर्क होता. तुलनेसाठी नमुना हवा म्हणून ते गागोद्याच्या वाटेवरच्या रानात गेले आणि शेंग हाताने तोडून शर्टाच्या खिशात ठेवली. पुढचे दोन दिवस जितेशच्या गाडीत मागच्या सीटवर दोन जीव बसत आणि दोघेही खाजवत. वडखळचे प्रवासी पुढच्या सीटसाठी भांडत.

शनिवारी भाऊंनी वही बंद केली. त्यांनी आठवडाभर मिरगुंडचा वास टिपून ठेवला होता. सकाळी सातला त्याला चंदनाचा वास येई, दहाला लिंबाचा, बाराला गुलाबाचा, चारला करंजाच्या पाल्याचा. भाऊंनी जितेशला बाजूला घेतलं.

“एका कुत्र्याला एका दिवसात चार वास येत नाहीत,” ते हळू आवाजात म्हणाले. “जितेश, हा एक कुत्रा नाही. हे चार कुत्रे आहेत.”

जितेशने त्यांच्याकडे पाहिलं. ते गंमत करत नव्हते. कुणीतरी सारखे दिसणारे चार कुत्रे पडवीत आळीपाळीने बदलत होतं, आणि चौघांनाही खाज होती, असा तो अंतिम निष्कर्ष होता. कशासाठी, हा प्रश्न भाऊंनी पुढच्या तपासावर सोडला.

रविवारी काशीबाईंनी मिरगुंडची गोधडी, वाटी आणि तो स्वतः, अशी तिन्ही जितेशच्या गाडीत ठेवली. पडवीतल्या बायका, प्रणिता, शीतल आणि पारी, दारात उभ्या होत्या, हाताला पीठ तसंच. रोह्यापर्यंत काशीबाईंचा हात मिरगुंडच्या पाठीवर होता. हरेशच्या घरी कुत्रा उतरवला तेव्हा तो आपला खाजवतच होता, त्यामुळे त्याला निरोप द्यायलाही सवड नव्हती. परतीच्या वाटेवर नागोठण्याला जितेशने गाडी थांबवून काशीबाईंना चहा आणून दिला. तो त्यांच्या हातात थंड झाला. भाऊ मागे बसून गप्प होते, आणि भाऊ गप्प बसलेले जितेशने बावीस वर्षांत पाहिले नव्हते.

पापड चालू राहिले. पण पडवी सुनी झाली. पारी सांगत होती, की काशीबाई लाटता लाटता खाली हात नेतात, तिथे कुणी नसतं, मग परत लाटणं धरतात. पंधरा दिवसांनी त्या जितेशला म्हणाल्या, की एकदा नुसतं बघून येऊ. निघताना तिघी बायकाही गाडीत चढल्या, आम्हालाही बघायचाय म्हणाल्या. भाऊ तर पुढच्या सीटवर आधीच बसले होते.

रोह्याला दार उघडलं आणि मिरगुंड धावत आला. तो काशीबाईंभोवती सात फेऱ्या फिरला, पायात लोळला, उताणा पडला. पोट गोरंपान. शेपटीपाशी लव फुटलेली. अंगाला धुळीचा आणि कुत्र्याचा वास. सगळे त्याच्याकडे बघत राहिले, आणि बराच वेळ त्याने एकदाही खाजवलं नाही.

“पाहिलंत,” भाऊ म्हणाले. “हा मूळ कुत्रा. बाकीचे तीन पेणमध्ये मोकाट आहेत.”

त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. काशीबाईंनी हरेशच्या बायकोचे, ऋतुजाचे, दोन्ही हात धरले आणि विचारलं, की गो पोरी, असं तू याला काय केलंस.

ऋतुजा कंपनीतून नुकतीच आली होती, डोळ्यांवर झोप होती. “काय केलं म्हंजे?” ती म्हणाली. “काय नाय केलं मामी. शिफ्ट चालू हाय माझी. माझीच आंघोळ कशीबशी होते, याला कोन घालनार?”

जितेशचे कान गरम झाले. त्याने हळूच प्रणिताकडे पाहिलं, तर ती जमिनीकडे बघत होती. शीतल पंख्याकडे बघत होती.

भाऊंना यातलं काही दिसलं नाही. इतकी माणसं एका खोलीत जमलेली पाहून त्यांना राहवेना. ते उठले, पाठीमागे हात बांधले आणि म्हणाले, “गुन्हेगार याच खोलीत बसला आहे.” कोण, हे त्यांना अजिबात ठाऊक नव्हतं. पण असं वाक्य बोलायची संधी तपासणी पथकात कधी मिळाली नव्हती.

प्रणिताने तोंडाला पदर लावला. “मीच काकी,” ती रडायला लागली. “पापडात केस जाईल, मंग याला काढून टाकतील, म्हनून मी रोज धूत होते. भांड्याच्या साबनानं. लिंबाचा हाय.”

“तू?” शीतल म्हणाली. “अगो, मी घालत होते ना दुपारी, पावडर टाकून. गुलाबाची.”

पारी भिंतीला टेकून होती. तिने करंजाचा पाला उकळून त्याच्यावर ओतल्याचं सांगितलं. आमच्या वाडीत कुत्र्यांना तोच लावतात, पण वरसातून एकदा, असंही ती जरा रागाने म्हणाली.

तिघींनीही चोरून घातली होती, कारण काशीबाई सगळ्या आळीला सांगत, की माझा मिरगुंड माझ्याशिवाय कुनाच्या हातची आंघोळ घेत नाय. मिरगुंड मुकाट्याने सगळ्यांच्या हातची घेत होता. जितेशलाही मग राहवलं नाही. सीट खराब होते म्हणून गाडीत घेण्याआधी तो मिरगुंडला दर वेळी फिनेलच्या पाण्याने पुसत होता. डॉक्टरने विचारलं तेव्हा लाज वाटली, काकी, तो म्हणाला, माझी चूक झाली.

काशीबाईंनी मिरगुंडला उचलून मांडीवर घेतलं. “आनि सकाळची मी,” त्या म्हणाल्या. “चंदनाच्या साबनानं, रोज. खाज थांबंना तसं अजून घासायची. मला वाटलं माझ्याच हाताला कायतरी कमी हाय.”

त्यांनी पदराने डोळे पुसले. मिरगुंड त्यांची हनुवटी चाटत होता.

एवढ्यात ऋतुजाने भाऊंकडे पाहिलं. “आनि भाऊ, तुमी?”

भाऊंनी घसा साफ केला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. जन्मभर ज्या चेहऱ्याच्या माणसांना त्यांनी गाडीतून उतरवलं होतं, तोच चेहरा त्यांच्या तोंडावर आला. “वास घेतल्यानंतर,” ते म्हणाले, “पुढच्या वासात भेसळ होऊ नये म्हणून... रोज संध्याकाळी एकदा. डेटॉलने.”

पारीने बोटांवर आंघोळी मोजायला घेतल्या आणि मोजणं सोडून दिलं. पहिल्या हसल्या त्या काशीबाई. डोळे अजून ओलेच होते, पण हसता हसता त्यांना मिरगुंड धरवेना. मग सगळेच हसले, भाऊसुद्धा, जरा उशिरा.

मिरगुंड त्याच गाडीने पेणला परत आला. ऋतुजाने सांगून ठेवलं होतं, की महिन्यातून एकदा कुत्र्याचा शॅम्पू, आणि तोही एकाच माणसाने लावायचा. दुकानदार येऊन बघून गेला. न खाजवणारा कुत्रा ओट्याच्या पलीकडे, पापडांपासून लांब झोपलेला पाहून त्याने पापड उचलले. भाऊंनी वहीत प्रकरण मिटल्याची नोंद केली. गुन्हेगारांच्या रकान्यात सहा नावं लिहिली, त्यातलं शेवटचं स्वतःचं, नीट अक्षरात.

दुसऱ्याच दिवशी मिरगुंड चिंचेखालच्या धुळीत मनसोक्त लोळला आणि पांढऱ्याचा तपकिरी होऊन पडवीच्या पायरीशी आला. प्रणिताने लाटणं खाली ठेवलं. शीतल अर्धी उठली. पारीचा हात बादलीकडे गेला. गाडी पुसणाऱ्या जितेशने हातातलं फडकं बघितलं, आणि समोरच्या दारात भाऊ डेटॉलची बाटली पाठीमागे धरून उभे राहिले. सगळ्यांच्या हाताला खाज सुटली होती.

“बसा खाली,” काशीबाई म्हणाल्या. पिठाचे हात त्यांनी आधी नीट धुऊन पुसले. मग पायरीवर बसून मिरगुंडला, आहे तसाच, मांडीवर घेतला आणि दुकानदार काय काय म्हणाला ते त्याला सांगायला लागल्या.