एका भिंतीत तीन भयकथा

"तीन भयकथा, तीन हवेल्या आणि भिंत एकच! बघाच साहेब!" डेल्बर्ट हॉस्किंगने छाती ठोकून सांगितलं.

हॉलिवूडच्या त्या भिकार स्टुडिओत तो अकरा वर्षं सेट उभारत होता, आणि अकरा वर्षं पडद्यावर नाव झळकत होतं निर्मात्याच्या मेहुण्याचं. खिळ्याचं टोक कुठलं नि डोकं कुठलं, हेही त्या मेहुण्याला सांगावं लागे! या वेळी दिग्दर्शक रुडनिकने शब्द दिला होता, "तिन्ही गोष्टी एका भिंतीवर भागव, नाव तुझं."

भिंतीच्या एका अंगाला पहिल्या गोष्टीचा दिवाणखाना. त्यावरची लाल वेलबुट्टी डेल्बर्टने चार दिवस मान मोडून हाताने रंगवलेली. त्या गोष्टीचं शूटिंग दुपारी. दुसऱ्या अंगाला तळघराचा कोनाडा. दुसरी गोष्ट त्यात कालच उरकली होती; आता तिसऱ्या गोष्टीतल्या उमरावाला त्यात जिवंत चिणायचं होतं. त्यासाठी डेल्बर्टने प्लास्टरच्या विटा पाडल्या होत्या, पावासारख्या हलक्या. एक लाथ, की माणूस बाहेर!

पण युनियनचा नियम असा, की वीट कसलीही असो, रचणार गवंडीच. म्हणून गस पेट्राकिस नावाचा गवंडी आला. डेल्बर्ट पलीकडे वेलबुट्टीला सोनेरी कडा देत बसला. इकडे शॉट झाला, जेवणाची शिट्टी झाली, आणि कोनाड्यातून उमराव झालेला म्हातारा नट थॅकवेल बोंबलू लागला, "काढा मला! जीव गुदमरतोय!"

"थॅकवेल, शॉट संपला, पुरे आता!" रुडनिक ओरडला.

"गाढवा, मी अभिनय करत नाहीये!"

"म्हणूनच! चाळीस वर्षांत पहिल्यांदाच खरा वाटतोयस!"

डेल्बर्टने धावत येऊन लाथ घातली. अंगठा मोडला, भिंत जागची हलली नाही. "गस! कुठल्या विटा या?"

"खऱ्या," गस डबा उघडत म्हणाला. "तुझी खेळणी फेकली बाहेर. तीस वर्षांत माझी एक भिंत पडलेली नाही. सिमेंटही झटपट सुकणारं घातलंय."

"मग फोड ना, मेल्या!"

"जेवणाची सुट्टी आहे. आणि फोडणारे वेगळे, त्यांची युनियन वेगळी."

आतून दम्याची शिटी ऐकू यायला लागली. आता आत जायचा मार्ग एकच, पलीकडून, वेलबुट्टीतून! डेल्बर्टने करवत उचलली. अकरा वर्षांनी मिळणारं नाव की हे म्हातारं खोकड? त्याने थॅकवेलला, निर्मात्याला आणि मेहुण्याला एका दमात आईबहिणीवरून शिव्या घातल्या आणि आपल्याच लाल फुलांत करवत खुपसली.

भोक पडलं. अर्धी भिंत त्याच्या टाळक्यावर आली. चुन्याने पांढराफटक झालेला डेल्बर्ट हातात करवत घेऊन कोनाड्यात शिरला, आणि अंधारात ते ध्यान बघून थॅकवेलने अशी किंकाळी फोडली, की गसच्या हातातला ऑलिव्ह खाली पडला!

पुढच्या बाजूला एका विटेची फट ठेवली होती, कॅमेऱ्यासाठी. युनियनच्या नियमाने कॅमेऱ्याला हात लावायचा हक्क रुडनिकला नव्हता, तरी त्याने तो चालू केला होता. "कट! अप्रतिम!"

थॅकवेल वाचला. दिवाणखाना गेला. पहिली गोष्ट मेहुण्याच्या परसात उरकली, त्यामुळे सेटचं श्रेयही त्यालाच, भल्यामोठ्या अक्षरांत.

पहिल्या खेळाला डेल्बर्ट बायकोला घेऊन गेला. सगळ्यात शेवटी, लोक उठून कोट घालत असताना, मुंगीएवढ्या अक्षरांत ओळ आली: 'दुसरं प्रेत: डेल्बर्ट हॉस्किंग'.

"अगं इमोजीन, आलं बघ नाव!"

"बघितलं," ती म्हणाली. "पण काय रे, मेकअप कधी केला होता? मला तर तू रोजच्यासारखाच दिसलास!"