खोली कमी भरली तर!

भाव करावा तर मनिषनं! वरठीत कोणालाही विचारा. पोलाद कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी नोकरीला आहे, आणि माझ्यासमोर बसलेला सप्लायर घाम पुसतच उठतो. माझ्या स्वतःच्या लग्नात घोडीवाल्याकडून मी बँडवाल्याचं जेवण कमी करून घेतलं होतं. कसं, ते विचारू नका. त्यालाही अजून कळलेलं नाही!

त्यामुळे बायकोच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मी छाती फुगवून सांगितलं, "दामिनी, तू फक्त डोळे घेऊन चाल. बाकी मी पाहून घेतो!"

दामिनीचं घरीच ब्युटी पार्लर आहे. हात देवाचा, पण चष्मा दह्याच्या वाटीच्या बुडाएवढा जाड. भुवया कोरायला वाकली की चष्मा घसरून थेट गिऱ्हाईकाच्या नाकावर! समोरची बाई किंचाळते, दोरा सुटतो, आणि एक भुवई दुसरीपेक्षा आखूड होते. मागच्या लगनसराईत एका नवरीचा चेहरा मांडवात शेवटपर्यंत आश्चर्यचकित राहिला.

चष्मा घालवायला लेझर करता येणार नाही, असं भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. नंबर फार मोठा आणि बुबुळाचा पडदा पातळ. एकच उपाय, डोळ्याच्या आतच लेन्स बसवायची. म्हणून आम्ही नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात गेलो.

दामिनीला तपासणीला आत नेलं आणि मी रुचिता नावाच्या मॅडमसमोर बसलो. पेशंटच्या नातेवाइकांना खर्च समजावून सांगणं हे त्यांचं काम. मी बाह्या सरसावल्या.

"मॅडम, सरळ बोला. खर्च कायकायचा लागते?"

"लेन्स कोणती बसवायची त्यावर बरंच आहे," त्या म्हणाल्या. "ती डोळ्याच्या मापानं परदेशातून मागवावी लागते. शिवाय तपासण्या, सर्जन, ऑपरेशन थिएटर, नंतरची औषधं. आणि मॅडमना सिलिंडर आहे, त्यामुळे थोडं जास्त होईल."

"सिलिंडर आम्ही आणतो!" मी टेबलावर थाप मारली. "आमच्या प्लांटमध्ये ऑक्सिजनचे सिलिंडर पडलेच असतात. साहेबांले विचारून भरलेलं आणून देतो. ते बिलातून काढा!"

रुचिता मॅडमनी पेन खाली ठेवलं. "सर, सिलिंडर म्हणजे चष्म्याचा तिरका नंबर. तो घालवायला वेगळी लेन्स लागते."

मी खोकलो. पाणी प्यायलो. पण माघार घेतली तर तो मनिष कसला?

"बरं, दोन्ही डोळे एकाच ठिकाणी करून राहिलो, त्याचं काही कमी कराल की नाही?"

"ते नंतर बघू. आधी खोली पुरेशी आहे का ते कळू दे. खोली नसेल तर ऑपरेशन होणार नाही."

"खोली पाहिजेच कायले? जनरल वॉर्डमध्ये टाका! आम्ही साधी माणसं, खाली चटई टाकून झोपू!"

एवढ्यात मॅडमना आतून बोलावणं आलं आणि त्या पदराआड हसू दाबत निघून गेल्या. मला वाटलं, सौदा जिंकला! लगेच सासऱ्यांना फोन लावला. सासरे म्हणजे भय्याजी. दिघोरीला त्यांची धानाची शेती. लेक डोळे कापून घेणार म्हणून दोन दिवस त्यांच्या घशाखाली भात उतरला नव्हता.

"बाबूजी, खोलीचा खर्च उडवला!"

"शाबास जवाईबापू!" तिकडून आवाज आला.

तेवढ्यात दामिनी बाहेर आली. चेहरा पांढराफटक. बाकावर बसली आणि माझा हात घट्ट धरला.

"अवो, डॉक्टर म्हणतात, खोली काठावर आहे."

"कोणती खोली? मी तर सांगतलं, वॉर्ड चालते!"

"डोळ्यातली खोली! बुबुळाच्या मागं जागा राहते ना, ती किती खोल आहे ते मोजतात. कमी भरली तर लेन्स घासते, डोळ्याचं नुकसान होते. तीन मिलिमीटरच्या आसपास असलेली बरी, म्हणाले. उद्या सकाळी परत मोजणार." मग एकदम हळू आवाजात म्हणाली, "नाही भरली तर जन्मभर ह्याच काचा."

जगातल्या कोणत्याही वस्तूचा भाव करता येतो, पण मिलिमीटरचा कसा करायचा? फोन अजून चालूच होता हे माझ्या ध्यानात आलं ते भय्याजी ओरडले तेव्हा.

"काय झालं जवाईबापू? पोरगी रडून राहिली काय?"

"बाबूजी, मुश्कील झाली! खोली कमी पडून राहिली!"

"आत्ताच तर तुम्ही खर्च उडवला म्हणाले!"

"ते चुकलं माझं! खोली पाहिजेच. तीनच्या खाली चालत नाही. उद्या सकाळपर्यंत काही झालं नाही तर ऑपरेशन रद्द!"

मग भय्याजी करारी आवाजात म्हणाले, "तुम्ही फिकर नका करू. मी पाहतो." आणि फोन कट!

सासरे पाहतो म्हणजे काय पाहणार, हा विचार मी करायला हवा होता. पण आम्ही दोघं काळजीत गाडीत बसलो आणि वरठीला उतरेपर्यंत एकमेकांशी चार शब्दही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी दामिनीला मशीनवर आत नेलं आणि मी दाराबाहेर येरझारा घालू लागलो. तेवढ्यात जिना दणाणला. बघतो तर भय्याजी! डोक्यावर वळकटी, काखेत स्टोव्ह. मागं माझ्या सासूबाई, पुष्पाबाई, हातात तांदळाची पिशवी आणि कमरेला पोळपाट लाटणं! लाखांदूरहून नागपूरला येणारी पहिली एसटी पकडून दोघं निघाले होते.

"घेतल्या!" भय्याजी हॉलभर ऐकू जाईल असं ओरडले. "तीन खोल्या घेतल्या! एका मंगल कार्यालयात! इसार बी देऊन आलो!"

"तीन खोल्या?"

"तुम्हीच म्हणाले ना, तीनच्या खाली चालत नाही! तिथला मॅनेजर म्हणे, लग्न आहे काय? मी म्हटलं, आहे. मग म्हणे, नवरी कुठं हाय? मी म्हटलं, डोळे तपासून राहिली!"

"तो म्हणे, हे नवरा पसंत करायच्या आधी करायला पाहिजे होतं," पुष्पाबाईंनी भर घातली.

भय्याजी तडक रुचिता मॅडमच्या टेबलाशी गेले आणि हात जोडले. "बाई, आता खोलीसाठी माह्या लेकीचं ऑपरेशन अडवू नका. तीन आहेत. कमी पडल्या तर हॉल बी खाली आहे!"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी छतावरच्या पंख्याकडे पाहिलं.

पण बाई चांगली होती. हसली नाही. भय्याजींना खुर्ची दिली आणि म्हणाली, "बाबा, राहायची खोली नाही. डोळा किती खोल आहे, ते मोजतात."

भय्याजींनी वळकटी सावरली. "म्हणजे बोडीत पाणी किती खोल हाय, तसं?"

"अगदी तसंच."

"आणि उथळ निघाली तर?"

"तर लेन्स बसवता येणार नाही."

भय्याजींनी वळकटी खाली ठेवली. धानाला पाणी देणारं तळं, म्हणजे बोडी, उथळ निघाली तर काय होतं, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. पुष्पाबाई पोळपाटाला छातीशी धरून पुटपुटू लागल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा देवाला म्हटलं, सांगशील तो भाव, एक पैसा कमी करणार नाही!

दार उघडलं. दामिनी बाहेर आली. चष्मा हातात, त्यामुळे आम्ही चौघं तिला धुक्यासारखे दिसत असणार. भय्याजींचा आवाज तिला आत ऐकू गेलाच होता. तिनं रुचिता मॅडमचा हात धरला आणि त्यांनाच सांगितलं, "बाबूजी, भरली! खोली भरली!"

भय्याजींनी डोळे पुसले. मी रडलो नाही. फक्त नाक गळत होतं.

लेन्स मापानं बनून यायला काही आठवडे लागले. सांगितले तेवढे पैसे मी मुकाट्यानं भरले. ऑपरेशनच्या दिवशी दामिनी शांतपणे आत गेली. मी बाहेर खुर्चीवर बसलो आणि समोरच्या टीव्हीवर दवाखान्याची माहिती दाखवत होते ती बघू लागलो. पडद्याएवढा मोठा डोळा आला. त्या डोळ्याजवळ एक बारीक सुरी आली. पुढचं मला आठवत नाही.

दामिनीच्या डोळ्याला एकही टाका पडला नाही. माझ्या कपाळाला चार! वॉटर कूलरचा कोपरा लागला म्हणे. संध्याकाळी वरठी स्टेशनवर मला हाताला धरून उतरवणारी दामिनीच होती. तिच्या डोळ्यावर साधा गॉगल, माझ्या अर्ध्या तोंडावर पट्टी.

शेजारच्या सुलोचनाबाई केळी घेऊन बघायला आल्या. दामिनीला ओलांडून सरळ माझ्या खाटेजवळ बसल्या आणि माझ्या डोळ्यांपुढं बोटं नाचवत म्हणाल्या, "मनिषभाऊ, दिसून राहिलं काय हो आता?"

काय सांगणार? मी म्हटलं, "दिसते." आणि केळी ठेवून घेतली.